मनिऑर्डरखालची चार बोटं जागा

मुंबईच्या गिरण्यांवर लिहिलेली दोन-चार पुस्तकं माझ्या वाचनात आली. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली, दोन वर्षांनी ती चालू झाली, मग परळ, लालबाग, भायखळा, वरळी असं गिरणगाव वाढत गेलं. १८९६च्या प्लेगात माणसं गावाकडं पळाली आणि पुन्हा गेली. युनियनी आल्या, संप झाले. हे सगळं त्या पुस्तकांत नीट दिलेलं आहे. आणि मध्येच कुठंतरी एक वाक्य येतं, की बहुतेक कामगारांची कुटुंबं गावाकडंच असत. बस, एवढंच. पुढं लेखक पुन्हा गिरणीच्या दारात जाऊन उभा राहतो.

मी त्या एका वाक्यातला माणूस आहे. पाटण तालुक्यातल्या डोंगराच्या कुशीत आमची वाडी. चाळीस-बेचाळीस उंबरे. माझ्या लहानपणी त्यातल्या तीस घरांचा कर्ता गडी मुंबईला गिरणीत. वाडीत म्हातारी माणसं, पोरं, बाया आणि जनावरं. एखाद्याच्या घरात साप निघाला तरी मारायला बाप्या शोधावा लागायचा. बहुतेक वेळा बायकाच मारायच्या.

आता शिकलेली पोरं विचारतात, बायकांना मुंबईला का नेलं नाही? त्याची दोन कारणं मला दिसतात. एक तर पगार. बदली कामगाराला रोज काम मिळंलच असं नाही. सकाळी गिरणीच्या दारात जायचं, कुणी गैरहजर असला तर आत घ्यायचे, नाहीतर परत. असल्या कमाईवर खोली घेऊन बायकापोरं कशी ठेवायची? पूर्वी गिरण्यांतून बायकाही पुष्कळ होत्या, एकेकाळी साधारण पाचात एक. पुढं रात्रपाळीला बायकांना मनाई झाली, नवी यंत्रं आली आणि त्यांची संख्या घटत गेली. म्हणजे दोघांनी जाऊन दोघांनी कमवायचं ही वाटही बंद झाली.

दुसरं कारण जमीन. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि पुस्तकवाले इथं घाई करतात. आमचे आजोबा कूळ होते. १९४८चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि जो कसत होता तो मालक धरला गेला. कसणं म्हणजे स्वतः किंवा घरच्या माणसांनी कसणं. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा मुंबईला. आजोबांची कंबर गेलेली. मग त्या वर्षी चिखलात कोण उभं होतं? लग्न होऊन दोन वर्षं झालेली माझी आई. सातबारावर आजोबांचं नाव लागलं, नंतर आबांचं. आईचं कशावरच नव्हतं. ते पुढं येईलच.

तिकडं मुंबईत आबा गावकीच्या खोलीत राहायचे. एका वाडीची किंवा गावाची मिळून भाड्यानं घेतलेली एक खोली, तिच्यात पंचवीस-तीस माणसं. पाळ्या तीन असल्यामुळं भागायचं. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा. भिंतीला खुंट्या, खाली प्रत्येकाची पत्र्याची पेटी आणि वळकटी. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुतेक गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. अशाच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आमच्या आबांच्या खानावळीतली मावशी आबांना कोणती भाजी आवडत नाही हे जाणून होती. आमच्या आईला ते माहीत नव्हतं. हे मी उगाच लिहीत नाही. आबा गावी यायचे ते शिमग्याला किंवा मे महिन्यात, आणि जमलं तर गौरी-गणपतीला. वर्षाला वीस दिवस धरा. १९५५ ते १९८२ या सत्तावीस वर्षांचे झाले ५४० दिवस. दीड वर्ष! एवढ्या संसारात आम्ही चार भावंडं झालो, दोन आत्यांची लग्नं झाली आणि आजी-आजोबा गेले. बायकोला नवऱ्याची नावडती भाजी कुठून कळणार?

पत्रांचं मात्र मला सगळं ठाऊक आहे, कारण मी वाडीचा लेखनिक होतो. पाचवीत गेलो तेव्हापासून दिवेलागणीला बाया यायच्या, पदराखाली कार्ड धरून. पुढं कार्ड १५ पैशांचं झालं, त्यामुळं एका कार्डात तीन घरांचा मजकूर बसवायला लावायच्या. पत्राची सुरुवात ठरलेली. इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील खुशाली कळवावी, पत्र लिहिणेस कारण की. मग पाऊस, पीक, गाभण म्हैस, कुणाचं लग्न, कुणाची मौत. शेवटी लहानथोरांस नमस्कार. तिकडून येणारं पत्रही तसंच, आणि ते बायकोच्या नावानं कधीच नसायचं. वडिलांच्या, नाहीतर थोरल्या भावाच्या नावानं. बायकोची चौकशी करायची तर "मुलांच्या आईची प्रकृती कशी आहे" असं लिहायचं, तेही मुलांची चौकशी झाल्यावर. कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, सासरा ऐकतो, वाचणारं पोरगं पाचवीतलं. अशा कार्डात नवरा-बायकोनं बोलायचं काय?

तरी बोलायच्या. एक काकू मला सांगायची, "लिव्ह, परड्यातल्या आंब्याला औंदा मोहर आलाय, पण बघाया कोन न्हाई." मी म्हणायचो, काकू, तुमच्या परड्यात आंबा कुठाय? ती म्हणायची, "तू लिव्ह रं मुकाट." मी लिहायचो. पंधरा दिवसांत काका रजा काढून यायचे. आंब्याचा अर्थ मला पुढं आठ-दहा वर्षांनी, माझं स्वतःचं लग्न झाल्यावर कळला. अण्णाभाऊ साठ्यांनी गावाकडं राहिलेल्या मैनेवर छक्कड रचली, ती महाराष्ट्रभर गाजली. वाटेगावचा माणूस, लहानपणी मुंबईला गेलेला, गिरणीत राबलेला, त्यांना हे दुखणं माहीत होतं. पण ती गाण्यात मैनेची आठवण काढणाऱ्या गड्याची बाजू. मैना स्वतः काय सांगत होती ते असल्या कार्डांत होतं, आणि ती कार्डं चुलीत गेली.

माझी आई मात्र पत्र सांगायला कधी बसली नाही. सासूसमोर लाज, आणि पुढं मुलासमोर. तिचा सगळा व्यवहार मनिऑर्डरवर. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिठ्ठी असायची, पैसे घेतल्यावर पोस्टमन तेवढी फाडून द्यायचा. चार बोटं जागा. त्यात आबा लिहायचे, "रु. साठ पाठवले. बैलाला पेंड घेणे. चि. मुलांना आशीर्वाद." आईला अक्षर येत नव्हतं. ती चिठ्ठी माझ्याकडून एकदा वाचून घ्यायची आणि तांदळाच्या कणगीमागं एका डब्यात ठेवायची. आम्ही त्याला पैशाचा हिशोब समजायचो.

१९६७च्या ११ डिसेंबरला पहाटे चारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. मी आठ वर्षांचा. भिंत पडली, आजी दाराच्या चौकटीत सापडली पण वाचली. कोयनानगर भागात दीडशेहून जास्त माणसं गेली. मुंबईत बातमी गेली तशी खोल्या रिकाम्या झाल्या. पाटणच्या पुढं गाड्या मिळंनात, माणसं चालत आली. आबा तिसऱ्या दिवशी पोचले. वाडीतली सगळी बाप्या माणसं अशी भीतीनं पळत आलेली मी एकदाच बघितली. आबांनी आधी आजीच्या पाया पडून घेतलं, आम्हाला कुरवाळलं आणि आईकडं बघून विचारलं, "म्हस कुठाय?" आई म्हणाली, "हाय." एवढंच बोलणं झालं. पण त्या रात्री अंगणात मांडवाखाली झोपलो तेव्हा आई रडत होती आणि आबा जागे होते, हे मला पक्कं आठवतंय.

सगळ्यांचं असं निभलं नाही. माझ्या एका चुलत चुलत्यानं मुंबईत दुसरा घरोबा केला. वाडीला कळलं, पण चुलतीसमोर कुणी बोलायचं नाही. तो गावी येईनासा झाला, मनिऑर्डर मात्र दरमहा न चुकता यायची. चाळीस रुपये. सासू म्हणायची, पैसं येत्यात न्हवं, मग झालं. अशी चार-पाच वर्षं गेली. एके दिवशी पोस्टमन नेहमीसारखा ओट्यावर बसला, अंगठ्यासाठी शाई काढली, आणि चुलती म्हणाली, "घ्यायची न्हाई." सासूनं आकांत केला. पोस्टमननं समजावलं. ती म्हणाली, "ज्येनं धाडलं त्येला परत द्या. मानूस धाडा म्हनावं." मनिऑर्डर घेण्यास नकार असा शेरा मारून परत गेली. वाडीत असलं पहिल्यांदाच घडलं होतं. चुलता आठव्या दिवशी दारात हजर. पैसे परत गेले म्हणजे बायको मेली की काय, असं त्याला वाटलं असावं.

पुढं तो दरवर्षी गौरीला येऊ लागला. त्यांचं जुळलं असं मी म्हणणार नाही. चुलतीनं त्याला पडवीत अंथरूण दिलं, माजघरात नाही. पण दोघं पडवीच्या पायरीवर बसून बोलायची. पोराची शाळा, बांधाची भांडणं, मुंबईच्या बाईचंसुद्धा. चुलती विचारायची आणि तो सांगायचा. लोकांनी नावं ठेवली. मला विचाराल तर पोस्टमनला परत पाठवण्याआधी त्या दोघांत जे अंतर होतं त्याहून पडवी आणि माजघर यातलं अंतर फार कमी होतं.

मग १९८२ उजाडलं. १८ जानेवारीला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, साठाच्या आसपास गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. दोन-तीन महिन्यांत मिटंल असं सगळे धरून चालले होते. खानावळीची उधारी थकली तशी माणसं शिमग्याला म्हणून गावी आली आणि गावीच राहिली. संप एवढा लांबला त्याला गावाकडची ज्वारी-तांदूळ कारण होता, हे पुस्तकांतही लिहिलंय. ती ज्वारी-तांदूळ कुणी पिकवला होता ते मी वर सांगितलं. तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. आमच्या वाडीतले तीस गडी होते, त्यातले सात-आठच पुन्हा कामावर लागले.

आबा आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते, आई पंचेचाळीसची. घरात आता रोज दोघं समोरासमोर. लोकांना वाटतं, ताटातूट संपली म्हणजे सुख. आमच्या घरात पहिले तीन महिने दोघं एकमेकांशी सरळ बोललीच नाहीत. आबा साचाखात्यात होते. तीनशे माग एका जागी खडखडतात तिथं ओरडून नाहीतर खुणांनी बोलावं लागतं. आयुष्यभराची सवय, त्यामुळं घरातही ते ओरडूनच बोलायचे. "पाणी!" म्हटलं की गोठ्यातली म्हैस उठायची. कान अर्धे गेलेले. आईचा आवाज आधीच बारीक, तो त्यांना ऐकू यायचा नाही, आणि ते ओरडले की आईला वाटायचं राग आला. मग निरोप माझ्याकडून. "तुज्या बाला सांग, जेवान झालंय." "तुझ्या आईला विचार, माझा सदरा कुठं ठेवलाय." तीन हात अंतरावर बसलेली माणसं! कार्ड लिहिणं सुटलं असं मला वाटलं होतं, ते सुटलं नव्हतं.

त्यात घर आईचं झालेलं. कुठल्या खाचरात कुठलं भात, कोणाचं किती देणं, बांध कुठवर, सगळं तिच्या डोक्यात. आबांना आपल्याच घरात विचारून वागावं लागायचं. पुरुष माणसाला ते जड जातं. वाडीत इतर घरांतून तेव्हा मारहाण झाली, दारू वाढली, दोघीजणी माहेरी निघून गेल्या. आबा पीत नव्हते, पण दिवसभर पारावर बसून राहायचे आणि रात्री तिसऱ्या पाळीच्या वेळेला उठून अंगणात फेऱ्या मारायचे.

पाऊस लागला आणि लावणी आली. आबा खाचरात उतरले. तरुणपणी केलेलं काम, पण हात विसरला होता. तरव्याची जुडी धरली ती मुळाकडून आवळून, आणि रोपं रोवली ती खोल, दाटीनं. मी बघत होतो, आई बघत होती. तिनं माझ्याकडं बघून नेहमीसारखं "तुज्या बाला" म्हणायला तोंड उघडलं. पावसाचा आवाज, डोक्यावर इरलं, मी तीन खाचरं खाली. तेव्हा ती मोठ्यानं ओरडली, "अवं, मुळं मोडत्याल! दोन बोटांत धरा!" तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आबांना तो ऐकू गेला. त्यांनी वळून बघितलं आणि तसंच ओरडून विचारलं, "असं का?" ती म्हणाली, "असं न्हवं, ह्ये असं!" आणि चिखलातून जाऊन तिनं त्यांच्या बोटांत रोप धरून दाखवलं. शेजारच्या खाचरातल्या बाया हसायला लागल्या. ती दोघं त्या दिवशी ओरडूनच बोलत राहिली. पुढंही आमच्या घरात बोलणं असं मोठ्यानंच चालायचं. पाहुण्यांना भांडण वाटायचं.

गौरीच्या आधी घर सारवताना कणगी हलवली आणि डबा आबांच्या हाताला लागला. सत्तावीस वर्षांच्या चिठ्ठ्या, वर्षावर्षाच्या सुतळीनं बांधलेल्या. आबांनी विचारलं, "वाचता येत न्हाई, मग ठेवल्यास कशाला?" आई म्हणाली, "अक्षार तुमचं हाय न्हवं." मग दोन-तीन संध्याकाळी आबा एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत आणि आई सांगायची, ह्या पैशाची पेंड घेतली नव्हती, नणंदेला लुगडं घेतलं. ह्या महिन्यात थोरला आजारी होता, तुम्हाला कळवलं नाही. आबा ऐकायचे. त्यांच्या साठ रुपयांचं इकडं काय झालं हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, सुकडीवर पोरं जगवली, हेही त्यांना तेव्हाच कळलं. बहात्तरच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं, "बैल विकू नये." बैल विकले होते.

१९९०च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा, म्हणजे घरच्या लक्ष्मीचं ऋण फिटंल. आमच्याकडं संघटनेचं फारसं काही नव्हतं, पण आबांनी ते ऐकलं आणि तलाठ्याकडं खेटे घालायला लागले. भावकीनं वेड्यात काढलं. आई स्वतःच म्हणाली, "माजं नाव कशाला? म्या कुठं पळून चाललेय?" आबा म्हणाले, "गिरणीत हजेरी लागल्याबिगर पगार न्हवता. तुजी हजेरी मांडायची ऱ्हायलीय." ओढ्याकडचं वीस गुंठ्यांचं खाचर आईच्या नावावर झालं. कुळकायद्याच्या वर्षी ती ज्यात उभी होती तेच.

गिरणी मात्र तिनं बघितली नव्हती. १९९६ साली फंडाच्या कागदांसाठी आबांना मुंबईला जायचं होतं, तर ती म्हणाली, "मला बी न्या. तुमी कुठं व्हता ते बघूद्या." मी बरोबर होतो. लालबागला गावकीची खोली तेव्हा अजून होती, चार-पाच माणसं राहायची. आईनं आत जाऊन विचारलं, तुमची जागा कुठली? आबांनी खिडकीखालची दाखवली. आईनं पायानं मापली. पाच पावलं लांब आणि दीड पाऊल रुंद. मग ती तिथं बसली, पाठ भिंतीला लावून. बराच वेळ बसली. खोलीतली माणसं बिचारी अवघडली, एकजण चहा आणायला गेला. उठताना ती म्हणाली, "म्होरं खुंटी कुठली?" आबांनी तीही दाखवली.

गिरणी बंद होती. दारावरच्या माणसानं आत सोडलं नाही. बाहेरून चिमणी दिसली, तेवढीच. खानावळ चालवणारी मावशी हयात होती. तिनं आईला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "ह्यांना गवारी आवडत न्हाई बरं का." आई म्हणाली, "ठावं हाय."

परतीच्या एसटीत दोघं माझ्या पुढच्या बाकड्यावर होती. पनवेल सुटल्यावर आईनं विचारलं, मागावर धागा तुटला तर कळायचं कसं? आबा सांगायला लागले. धोटा कसा पळतो, कांडी संपत आली की आवाज कसा बदलतो, पावसाळ्यात सूत कसं वागतं. अख्खी गाडी ऐकत होती, कारण आबा ओरडूनच सांगत होते. कंडक्टर दोनदा म्हणाला, बाबा, जरा हळू. पुण्याला माणसं चढली-उतरली, साताऱ्यात चहा झाला, आणि कराड आलं तरी ते अजून दुसऱ्या पाळीवरच होते.